आठवड्यातून अर्धा तास : गावातल्या एकट्या म्हाताऱ्या माणसांकडे बसायला जाऊ या



गटाची बैठक सुरू झाली की सगळ्यात आधी हजेरी होते. जी आली नाही तिच्या नावापुढं दंड लिहिला जातो. नियम चांगला आहे, त्यानंच गट टिकतात. पण एका गटात काय झालं ते सांगते. सत्तरी ओलांडलेल्या एक आजी सलग तीन बैठकांना आल्या नाहीत. तिन्ही वेळा दहा-दहा रुपये दंड लागला. चौथ्या बैठकीआधी एक ताई दंड मागायला त्यांच्या घरी गेली. आजी घरातच होत्या. डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेला. मागच्या बैठकीहून अंधारात परत येताना त्या वाटेत पडल्या होत्या, तेव्हापासून बाहेर निघणंच बंद केलं होतं. मुलगा-सून पुण्याला. आजींनी उतरंडीतून तीस रुपये काढून दिले आणि म्हणाल्या, "दंड घे बाई, पण आलीच हायेस तर जरा बस. दोन दिस झालं, कुणासंगं बोलली न्हाई."

दंड लिहिताना आपण तीन वेळा त्यांचं नाव उच्चारलं. पण "आजी का येत नाहीत?" असं एकदाही कुणी विचारलं नाही. हा लेख त्याच प्रश्नावर आहे. आपल्या करकंबात आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर अशी किती माणसं दाराआड बसून आहेत, आणि आपण बचत गटाच्या बाया त्यांच्यासाठी पैसा न लागता काय करू शकतो, ते बघू या.

एकटं राहणं वेगळं, एकटं पडणं वेगळं

घरात एकच माणूस आहे म्हणजे ते दुःखी असतंच असं नाही. एखादी आजी एकटी राहते, पण सकाळी देवळात जाते, संध्याकाळी हरिपाठाला बसते, दारावरनं जाणाऱ्या प्रत्येकीला हाक मारते. तिला आपल्या भेटीची फार गरज नसते. उलट एखाद्या भरल्या घरात पोरं मोबाइलवर, सून कामावर, मुलगा रानात, आणि आबा सोप्यात दिवसभर भिंतीकडं बघत बसलेले. जेवणाचं ताट वेळेवर येतं, पण ताट ठेवणारं माणूस थांबत नाही. हे आबा भरल्या घरात एकटे पडलेत.

माणूस एकटं पडतं त्याची कारणं साधीच असतात. जोडीदार जातो. पोरं पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईला जातात, त्यांचंही चुकत नाही. बरोबरीची माणसं एकेक करून जातात, मग जुन्या गोष्टी बोलायला कुणी उरत नाही. गुडघे दुखतात म्हणून बाजारला जाणं बंद होतं. ऐकू कमी येतं, दोनदा "काय म्हणालीस?" विचारल्यावर समोरचं माणूस वैतागतं, मग म्हातारं माणूस विचारायचंच सोडून देतं. डोळ्यांनी दिसेनासं झालं की संध्याकाळचं बाहेर पडणं थांबतं. यातलं एकेक कारण छोटं वाटतं, पण सगळी मिळून दार लावून टाकतात.

नुसतं वाईट वाटतं, की तब्येतही बिघडते?

"म्हातारपणी असं व्हायचंच" असं आपण म्हणतो. पण हे नुसतं मनाचं दुखणं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं या विषयावर खास आयोग नेमला होता. त्याचा अहवाल 30 जून 2025 ला आला. जगात दर सहा माणसांत एकाला एकटेपणा जाणवतो, आणि एकटेपणाचा संबंध वर्षाला सुमारे 8 लाख 71 हजार मृत्यूंशी आहे, असं त्यात म्हटलंय. म्हणजे तासाला जवळजवळ शंभर माणसं.

हे होतं कसं ते आपल्या घरच्या अनुभवावरनं समजून घ्या. एकटीसाठी कोण चूल पेटवणार, म्हणून सकाळी एकदाच दोन भाकरी थापायच्या आणि त्याच रात्री पाण्यात कुस्करून खायच्या. भाजी केलीच तर केली. हळूहळू अंगातली ताकद जाते, चक्कर येते, पडणं होतं. बीपीची गोळी घेतली का असं विचारायला कुणी नसतं, मग गोळी चुकते. दिवसभर बोलणं नाही, त्यामुळं रात्री डोक्यात विचारांचं चक्र चालू राहतं, झोप लागत नाही. मनाला चालना नसली की विसराळूपणाही वाढतो. शेवटी दुखणं एवढं वाढतं की दवाखान्यात न्यायची वेळ येते, आणि "कालपर्यंत तर चांगल्या होत्या" असं शेजारी म्हणतात. खरं तर कालपर्यंत कुणी आत डोकावलेलंच नसतं.

दुसऱ्यांनी काय केलंय?

हे काम आधी बऱ्याच जणांनी केलंय, आणि त्यात आपल्यासारख्या साध्या माणसांचाच हात आहे.

केरळमध्ये 1993 साली कोझिकोडला काही डॉक्टरांनी बऱ्या न होणाऱ्या आजारातल्या रुग्णांचं दुखणं कमी करण्याचं काम सुरू केलं. पुढं लक्षात आलं की नुसतं औषध पुरत नाही, माणूस लागतं. मग मलप्पुरम आणि आसपास गावोगावी शेजारपाजारची माणसं तयार झाली. शिक्षक, दुकानदार, घरी असलेल्या बाया. थोडं शिकून घ्यायचं आणि आठवड्यातून दोनेक तास अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडं जायचं, एवढंच त्यांचं काम. हे इतकं रुजलं की 2008 मध्ये केरळ सरकारनं त्यावर धोरणच केलं आणि ग्रामपंचायतींना त्यात ओढून घेतलं.

आफ्रिकेत झिम्बाब्वे देशात तर उलटीच गंमत झाली. तिथं मनाच्या आजाराचे डॉक्टर अगदी बोटांवर मोजण्याइतके. 2006 मध्ये हरारे शहरात डॉ. डिक्सन चिबांडा यांनी चौदा आज्यांना शिकवून तयार केलं. या आज्या दवाखान्याबाहेर लाकडी बाकावर बसतात आणि दुःखी माणसाचं ऐकून घेतात. तिकडच्या बोलीत या दुखण्याला "कुफुंगिसिसा" म्हणतात, म्हणजे फार विचार करत बसणं. आपल्याकडं आपण "विचार लागलाय" म्हणतो, तेच. या बाकावर बोलून गेलेल्या माणसांचा त्रास खरोखर कमी होतो, हे पुढं रीतसर अभ्यासातही दिसलं. यातनं आपण एक गोष्ट घ्यायची : म्हातारं माणूस नुसतं आधार घेणारं नसतं, आधार देणारंही असतं.

आणि आपल्याच महाराष्ट्रात ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यातलं फांगणे गाव. तिथले शिक्षक योगेंद्र बांगर यांनी 8 मार्च 2016 ला, महिला दिनाच्या दिवशी, आजीबाईंची शाळा सुरू केली. साठीच्या पुढच्या आज्या गुलाबी साड्या नेसून, पाटी-दप्तर घेऊन शाळेत येऊ लागल्या. त्या अक्षरं शिकल्या, सही करायला लागल्या. पण त्याहून मोठं म्हणजे रोज नीट आवरून घराबाहेर पडायला त्यांना कारण मिळालं.

आता आपण : कामाची आखणी

आपल्याकडं ग्रामसंघ आहे, गट आहेत, प्रत्येक गल्लीत आणि वस्तीवर आपली एक तरी बाई आहे. एवढी माणसं कुठल्याच खात्याकडं नाहीत. फक्त नीट बसवून घ्यायचंय.

1. आधी यादी करा. प्रत्येक गटानं आपल्या गल्लीतली घरं डोळ्यांसमोर आणायची. कोण एकटं राहतं? कोण महिनाभर बाहेर दिसलं नाही? गटात पूर्वी येणारी आणि आता न येणारी वयस्कर बाई कोण? आशाताई आणि अंगणवाडीताईंना विचारा, त्यांना घरं पाठ असतात. रानातल्या वस्त्या विसरू नका, सगळ्यात जास्त एकटी माणसं तिथंच असतात.

2. एका गटानं एकच घर घ्या. पहिल्याच महिन्यात पाच घरं घेतली तर दुसऱ्या महिन्यात एकही होणार नाही. ग्रामसंघात पंधरा गट असतील तर पंधरा घरं होतात, हे काही थोडं नाही.

3. चौघी जणी ठरवा, दोन-दोनच्या दोन जोड्या करा. एका आठवड्याला एक जोडी, पुढच्या आठवड्याला दुसरी. प्रत्येक जोडीच्या वाट्याला महिन्यातून दोन भेटी येतात, म्हणजे सगळा मिळून एक तास. गटातल्या दहाही जणींनी आळीपाळीनं जायचं ठरवलं तर आजींना दर वेळी नवं तोंड दिसतं, आणि नव्या माणसाशी मनातलं बोलणं होत नाही. तीच माणसं परत परत गेली की ओळख मुरते.

4. वार आणि वेळ ठरवा आणि मोडू नका. आजी गुरुवारी दुपारी वाट बघत बसणार असतील तर गुरुवार दुपार म्हणजे देणं लागतं असं समजा. खुरपणीची, द्राक्षाच्या कामाची घाई आली आणि जमत नसेल तर आधी निरोप द्या. न सांगता चुकलेली भेट एकट्या माणसाला फार लागते.

5. घरच्यांना विचारूनच जा. सून-मुलगा घरात असेल तर आधी सुनेशी बोला. "तुम्ही सांभाळत नाही म्हणून आम्ही आलो" असं तिला वाटता कामा नये. म्हाताऱ्या माणसाचं करता करता सूनही थकलेली असते. कधी कधी आपला अर्धा तास तिलाच जास्त उपयोगी पडतो. एकट्या पुरुषमाणसाकडं जाताना दोघींनीच जायचं, दार उघडं ठेवून अंगणात किंवा सोप्यात बसायचं.

पहिल्या भेटीला काय बोलायचं?

"आजी, तुम्ही एकट्या पडलात म्हणून आम्ही आलो" असं चुकूनही म्हणू नका. मानी माणसाला ते भीक घातल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा काहीतरी विचारायला जा. "मामी, तुमच्या हातच्या सांडग्यांना चव असते, कसं करता?" "आबा, आपल्या गावच्या बाजार आमटीत पूर्वी काय काय घालायचे?" बाजार आमटीचा विषय काढला आणि करकंबचं म्हातारं माणूस गप्प बसलं असं होणार नाही! ज्या माणसाकडं सांगण्यासारखं काही आहे त्याला सांगू द्या. गोधडीचा टाका, जात्यावरची गाणी, दुष्काळातले दिवस, कॅनॉल आला तेव्हाचं रान, हे सगळं त्यांच्याकडं आहे.

त्यांनी चहा ठेवला तर नको म्हणू नका. घोटभर का होईना, घ्या. नुसतं घेत राहणं कुणालाच आवडत नाही. आपल्याला चहा पाजून त्या बरोबरीनं बसतात. साखर संपलेली दिसली तर पुढच्या वेळी "आमच्या घरचा गूळ बघा कसा झालाय" म्हणून थोडा न्या.

"जेवलात का?" असं विचारलं की उत्तर कायम "व्हय" असंच येतं. त्याऐवजी विचारा, "आज काय केलं होतं?" मग खरं कळतं. "बरं आहे ना?" याऐवजी विचारा, "रात्री झोप लागली का?" आणि विचारून झालं की थांबा. उत्तराला वेळ लागतो. ऐकू कमी येत असेल तर ओरडू नका. समोर बसा, तोंडाकडं तोंड करून, सावकाश बोला.

तीच गोष्ट चौथ्यांदा सांगितली तरी "हे सांगितलंत की" म्हणू नका. आणि रडू आलं तर लगेच "रडू नका, सगळं चांगलं होईल" म्हणायची घाई करू नका. गेलेला नवरा, न येणारा मुलगा, हे आपण नीट करू शकत नाही. हात हातात घेऊन शेजारी बसणं आपल्याला जमतं, आणि ते पुरेसं असतं.

बसवेना झालं तर हातानं काहीतरी करा. शेंगा फोडा, तांदूळ निवडा, सुईत दोरा ओवून द्या. काम करता करता बाया जास्त बोलतात, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

एवढं मात्र कटाक्षानं पाळा

- पासबुक, एटीएम कार्ड, ओटीपी, आधारवर अंगठा यात हात घालू नका. बँकेत सोबत जा, पण पैसे त्यांनी स्वतः काढायचे, स्वतः मोजायचे. विश्वासानं दिलेलं पासबुकसुद्धा आपल्या घरी ठेवू नका. उद्या शंभर रुपये इकडं तिकडं झाले तर तुमचंही नाव जातं आणि गटाचंही.
- भेटीला गेल्यावर कर्जाच्या हप्त्याचा, दंडाचा विषय काढायचा नाही. तो बैठकीत.
- तिथं ऐकलेलं गिरणीत, पाणंदीत, नळावर बोलायचं नाही. सुनेची एक तक्रार गावभर झाली की आजींना घरात राहणं अवघड होतं, आणि आपल्याला ते दार कायमचं बंद होतं.
- आपल्या मनानं औषध देऊ नका, बंद करू नका.
- जमणार नाही ते कबूल करू नका. "मुलाला बोलावून घेते" असं म्हणायचं आणि तो आला नाही, की दुःख दुप्पट.
- फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. भेट ही माणसासाठी असते, अहवालासाठी नसते.

कधी गप्प बसायचं नाही?

वर सांगितलं की ऐकलेलं बाहेर सांगू नका. पण काही गोष्टी मनात ठेवायच्या नसतात. अंगावर मारल्याच्या खुणा, उपाशी ठेवणं, कोंडून ठेवणं, जबरदस्तीनं कागदावर अंगठा घेणं असं काही दिसलं. किंवा "आता जगून काय करायचं" असं परत परत बोलणं आलं, तर एकटीनं निर्णय न घेता सीआरपी ताईला आणि ग्रामसंघाच्या अध्यक्षांना त्याच दिवशी सांगा. आजींनाही सांगा की, "हे मी ताईंना सांगणार आहे, तुमच्या भल्यासाठी."

हे नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा :
14567 : ज्येष्ठ नागरिकांची राष्ट्रीय हेल्पलाइन. सकाळी 8 ते रात्री 8. फुकट.
14416 : टेलिमानस. मन फार उदास असेल, मरणाची भाषा असेल तर. दिवसरात्र, फुकट.
108 : रुग्णवाहिका. 112 : जिवाला धोका असेल तर पोलीस.

भेटीत कळतं आणि मार्गी लावता येतं असं

बोलता बोलता बऱ्याच वेळा अडलेलं काम कळतं. निराधारचा पगार थांबलाय, पण का ते माहीत नाही. बहुतेक वेळा आधार बँकेला जोडलेलं नसतं किंवा कागद द्यायचा राहिलेला असतो. 65 वर्षांवरच्या गरजू माणसांसाठी श्रावणबाळ योजनेत महिना 1500 रुपये मिळतात. त्यासाठी कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 21 हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो आणि अर्ज तहसीलला जातो. 70 वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात. 75 पूर्ण झालेल्यांना एसटी फुकट आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन सरकारी दवाखान्यात मोफत होतं. त्या गटातल्या आजींना एवढी एक गोष्ट वेळेवर कळली असती तर पडणं टळलं असतं.

आणि हक्काचं एक : 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार 60 वर्षांवरच्या आई-वडिलांना मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो, महिना 10 हजारांपर्यंत. मूलबाळ नसेल तर जो वारस जमीन-घर घेणार आहे त्याच्याकडून. अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडं, म्हणजे आपल्याला पंढरपूरला. वकील लागत नाही. म्हाताऱ्या माणसानं अधिकार दिला तर त्यांच्या वतीनं संस्थाही अर्ज करू शकते. सांभाळायच्या अटीवर जमीन बक्षीसपत्रानं दिली आणि नंतर सांभाळलं नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. पण हे पाऊल उचलायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं. आपण फक्त माहिती द्यायची. पोराविरुद्ध अर्ज करणं आईला सोपं नसतं, तिला घाई करू नका.

येत्या बैठकीत एवढं करा

या महिन्याच्या बैठकीत, कर्जवाटपाचा विषय झाल्यावर, दहा मिनिटं यासाठी ठेवा. एक घर, चार नावं, एक वार ठरवा आणि इतिवृत्तात लिहा. दशसूत्रीत आरोग्य आणि शासकीय योजना ही सूत्रं आहेतच, हे काम त्याच्या बाहेरचं नाही. एखाद्या घरी धान्याचीच अडचण असेल तर ग्रामसंघाच्या जोखीम प्रवणता निधीतनं काय करता येईल ते तिथं मांडा. वयस्कर बाया पाच जणी जरी तयार असल्या तरी त्यांचा वेगळा गट होऊ शकतो, त्याचीही चौकशी सीआरपी ताईकडं करा. आणि वय झालं म्हणून गटातनं नाव कमी करायची घाई करू नका. कुणाला चालवत नसेल तर महिन्यातून एक बैठक त्यांच्या ओट्यावर घ्या.

आषाढीला त्र्यंबकेश्वरहून येणारी निवृत्तिनाथांची पालखी आपल्या करकंबावरनं पंढरपूरला जाते. त्या दिवशी आपण ओळख ना पाळख अशा म्हाताऱ्या वारकऱ्याला हाताला धरून घरात आणतो, पाणी देतो, पाय चेपतो, जेवायला वाढतो. नाव-गाव विचारत नाही. तेच हात आहेत आणि तेच गाव. फक्त तो वारकरी चालत दारात येतो, आणि शेजारच्या आजींना चालत येता येत नाही. त्यांच्याकडं आपल्याला जायचंय.

त्या गटातल्या आजींचं ऑपरेशन झालं. पुढच्या बैठकीला त्यांना हाताला धरून आणायचं काम दंड मागायला गेलेल्या ताईनंच घेतलं. तीस रुपयांचा दंड गटानं एकमतानं माफ केला आणि नियमात एक ओळ वाढवली : दोन बैठका कुणी आलं नाही, तर दंड लिहायच्या आधी घरी जाऊन यायचं.

ही ओळ आपल्याही नियमात घालून घ्या.